गोलाईवरचं तिरकं भोक

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन घरी आला. दहावी उर्दू माध्यमातून झालेला, पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा, आता एका छोट्या कारखान्यात कॅडवर ड्रॉइंग काढतो. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपुरता. तरी तो माझ्याकडे आला, कारण अडचण त्याच्या मते भाषेची होती. "सर, हे 'टॅन्जन्ट प्लेन' काय प्रकरण आहे? उर्दूत सांगा, मराठीत सांगा, पण समजेल असं सांगा."

पडद्यावर एक पाइप होता. त्याला एका बाजूनं भोक पाडायचं होतं, तेही सरळ मध्यावर नाही. मध्यरेषेपासून थोडं सरकलेलं आणि वर तिरकं. सपाट पाटीवर भोक एका क्लिकमध्ये पडतं, असं त्याचं म्हणणं. पाटीवर बोट ठेवायचं, माप सांगायचं, झालं. पाइपवर तसं केलं की सॉफ्टवेअर एक तर ऐकत नाही, नाही तर गोलाईला काटकोनात, सरळ पोटात भोक पाडून मोकळं होतं. त्याला हवं तिथं आणि हव्या दिशेनं पाडायचं तर आधी हवेत एक खोटी सपाट पाटी उभी करावी लागते. पाइपला बाहेरून नुसती टेकलेली, किंवा अक्षाभोवती काही अंश फिरवलेली, किंवा थोडी दूर सरकवलेली. त्या पाटीवर वर्तुळ काढायचं आणि तिथून आत कापत जायचं.

मी फळ्यावर लिहावं तसं कागदावर लिहून दिलं. प्लेन म्हणजे मराठीत प्रतल, उर्दूत मुस्तवी. टॅन्जन्ट म्हणजे स्पर्शिका, उर्दूत मुमास, 'मस' म्हणजे स्पर्श यातूनच आलेला. अ‍ॅक्सिस म्हणजे अक्ष, आपला मिहवर. पोरगं खूश झालं. "म्हणजे गोलाला नुसतं मस करणारी पाटी!" आणि मग तो जे बोलला त्यामुळे हा लेख लिहायला बसलो. तो म्हणाला, "सर, हे सगळं कॉम्प्युटर आल्यावरच शक्य झालं असेल ना? आधीचे लोक असं तिरकं भोक कसं पाडणार? अंदाजानंच."

त्याचा जन्म आणि माझाही, वरळीच्या बीडीडी चाळीतला. आणि असं भोक पाडताना मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या मजल्यावर तात्या राहत. गिरणी कामगार. 1982 च्या संपात नोकरी गेली ती गेली, मग मिळेल ते काम आणि रात्री भजन. मजल्यावरच्या भजनी मंडळाचे ते बुवा. त्यांच्याकडे एक मिरजेचा तंबोरा होता. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं, आणि कोपऱ्यात आठवा हा तंबोरा, कापडी गवसणीत उभा. बीडीडीच्या भिंती काँक्रीटच्या. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्यानं वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उठवल्या, त्यातल्या 121 एकट्या वरळीत, प्रत्येकीत ऐंशी खोल्या. त्या भिंतीत खिळा वाकायचा पण शिरायचा नाही. त्यामुळे तंबोरा टांगायची सोय नव्हती, आणि कोपऱ्यात उभ्या तंबोऱ्याला येताजाता कुणाचा तरी धक्का लागायचाच.

एका धक्क्यात बाजूची एक खुंटी सैल झाली. तार लावली की खुंटी हळूहळू उलटी फिरायची, सूर उतरायचा. सुरुवातीला इलाज खडूचा. खुंटीला खडू घासला की ती घट्ट धरते, हे सगळ्या सतारिये-तंबोरेवाल्यांना माहीत असतं. शाळेतून खडूचे तुकडे आणून द्यायचं काम माझं. पण खडूनं भागेना तेव्हा तात्यांनी तो तंबोरा शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात दिला. दुकानाचं नाव घेत नाही. तिथं कुणीतरी इलेक्ट्रिक ड्रिल सरळ त्या गोल भिंतीवर टेकवलं. बिट घसरलं, पॉलिशवर एक लांब ओरखडा काढला आणि मग वाकडंच आत गेलं. खुंटी बसली, पण कलती. तिची तार शेजारच्या तारेला घासायला लागली, आणि महिनाभरात भोकाच्या तोंडापाशी लाकडाला चीर गेली.

बिट का घसरतं ते आता त्या पोरानंच मला आकडे घालून समजावलं. चाळीस मिलिमीटर जाडीची गोल दांडी घ्या. भोक बरोबर मध्यावर पाडायचं तर बिटाच्या टोकाखाली लाकूड आडवं असतं, अडचण नाही. तेच भोक मध्यापासून दहा मिलिमीटर सरकवा. आता टोकाखालचं लाकूड तीस अंशांचा उतार झालेलं असतं. बिटाची एक धार लाकडाला आधी लागते, दुसरी हवेत. बिट उताराच्या दिशेनं पळतं. कारखान्यात यावर उपाय म्हणजे आधी त्या जागी छोटा सपाट ओटा घासून घ्यायचा, किंवा बिटाला वाट दाखवणारी नळी बसवायची. म्हणजे तिथंही तेच. गोलाईवर आधी एक सपाटी तयार करा, मग पुढे बोला.

शेवटी तात्या तंबोरा घेऊन मिरजेला निघाले. अब्बांचे एक नातलग सांगलीला होते, म्हणून अब्बा सोबत गेले आणि मी अब्बांच्या सोबत. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर, तंबोरा वरच्या बर्थवर, तात्या खाली जागे.

मिरजेत सतारमेकर गल्ली म्हणून एक गल्लीच आहे. सतारमेकर हे तिथं आडनावही आहे. 'सतार' हा फारसी 'सिह-तार' म्हणजे तीन तारा याचा मराठी अवतार, त्याला 'मेकर' हा इंग्रजी शब्द जोडलेला, आणि हे जोडनाव लावणारी माणसं मुसलमान, बोलणार घरात दखनी आणि बाहेर अस्सल सांगलीकडची मराठी. पण हे आडनाव अलीकडचं. त्याआधी ही मंडळी शिकलगार होती.

शिकलगार या शब्दावर थोडं थांबतो, तो माझा प्रांत आहे. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणं, आणि आणणाराही. त्याला फारसी 'गर' लागून सैकलगर. काच येण्याआधी आरसेसुद्धा धातूचे असत आणि त्यांना सैकल करावी लागे, म्हणून उर्दू शायरीत दिलाच्या आरशाला सैकल करण्याची भाषा इतकी सापडते. मराठी मुलखात सैकलगरचं शिकलगार झालं आणि अर्थ पक्का झाला, तलवारी, भाले, खंजीर घासणारा, धार लावणारा, मूठ बसवणारा. ज्या गावात फौज, तिथं शिकलगार. मिरजेचा किल्ला आदिलशाहीपासून महत्त्वाचा, पुढे पटवर्धनांची जहागीर, त्यामुळे तिथं शिकलगारांची वस्ती असणं साहजिक.

1818 नंतर पेशवाई संपली, संस्थानांच्या फौजा आकसल्या. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्यानं सामान्य माणसाच्या हातातलं हत्यारच परवान्याखाली आलं. पण त्याच्या बरंच आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मिरजेच्या शिकलगारांपैकी काहींना कळून चुकलं होतं की तलवारीवर पोट चालणार नाही. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या बंधूंपासून मिरजेच्या वाद्यकामाची सुरुवात मानली जाते. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, दरबारात उत्तरेकडचे गवई येत, त्यांच्या सतारी-तंबोरे प्रवासात मोडत. ती दुरुस्तीला या हुन्नरी हातांत आली. दुरुस्ती करता करता वाद्य आतून कळलं, मग नवीन घडवायला लागले.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी 'तलवारीकडून सतारीकडे' असं एक गोड वाक्य टाकतात आणि पुढे जातात. जणू काही हृदयपरिवर्तन झालं. मला ते पटत नाही. पोटासाठी धंदा बदलला, यात कमीपणा काहीच नाही. आणि हुन्नर मात्र बदलावा लागला नाही, असा माझा अंदाज आहे. फिरत्या गोल दगडावर पातं धरायचं म्हणजे काय? दगडाला पातं जरा वर टेकलं की कोन एक, जरा खाली टेकलं की कोन दुसरा. पातं लांब, त्याला वाक, आणि टोकापासून मुठीपर्यंत धारेचा कोन एकच राहायला हवा. म्हणजे गोलाईवर कोन सांभाळणं हेच त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम होतं. सतारीच्या दांडीपाशी आले तेव्हा हात नवखे नव्हते.

आता ती दांडी. सतारीची दांडी आतून पोकळ, पाठीमागून अर्धगोल, वरून झाकण. सहा किंवा सात मुख्य तारा, शिवाय खाली अकरा ते तेरा तरफेच्या तारा. प्रत्येक तारेला एक खुंटी. म्हणजे अठरा-वीस खुंट्यांची भोकं, त्यातली बरीचशी बाजूच्या भिंतीतून. शिवाय तरफेच्या तारा दांडीच्या आतून वर येतात त्यासाठी वरच्या झाकणाला अकरा ते तेरा बारीक भोकं, प्रत्येकाच्या तोंडाशी हाडाचा छोटा मणी. या तारा एकमेकींना लागता कामा नयेत, पडद्यांच्या कमानीखालून सुटसुटीत गेल्या पाहिजेत. तंबोऱ्याचं काम दिसायला सोपं, चारच तारा, दोन खुंट्या समोरून, दोन बाजूंनी. पण बाजूच्या दोघी पुन्हा गोलाईवरच.

खुंटीला स्क्रू नाही, दात नाहीत, चाक नाही. निमुळती लाकडी खुंटी निमुळत्या भोकात नुसत्या घर्षणावर उभी असते आणि तारेचा सगळा ताण सोसते. खुंटीचा आणि भोकाचा निमुळतेपणा जुळला नाही तर ती एकाच काठावर धरते आणि सुटते. भोक कललं तर खुंटी कलते, तार वाट सोडते. भोक गोलाईवर तिरकं पडलं की त्याचं तोंड गोल राहत नाही. साध्या सपाट फळीलाही पंचेचाळीस अंशांत तिरकं दहा मिलिमीटरचं भोक पाडलं तर तोंड चौदा मिलिमीटर लांब होतं. साठ अंशांत वीस. ते लंबवर्तुळ असतं. आणि फळीच्या जागी गोल दांडी आली की तोंडाची कड एका प्रतलातही राहत नाही, खोगिरासारखी वर-खाली होते.

या लंबवर्तुळावर आपल्या बगदादमध्ये मोठं काम झालं होतं. नवव्या शतकात साबित इब्न कुर्रा यांनी दंडगोलाच्या छेदांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. दंडगोल तिरका कापला की जे लंबवर्तुळ निघतं त्याचं क्षेत्रफळ किती, दोन छेदांमधल्या गोल पृष्ठभागाचं किती, असे प्रश्न त्यांनी सोडवले. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जी 'मुसलमानांनी हे आधीच शोधलं होतं' छापाची चित्रं फिरतात त्यात हे नाव हमखास असतं, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. साबित मुसलमान नव्हते. ते हर्रानचे साबियन पंथाचे, व्यवसायानं आधी सराफ होते असं सांगतात, आणि त्यांना बगदादला आणलं मुसलमान असलेल्या बनू मूसा भावांनी. त्यांच्याही आधी ग्रीकांमध्ये सेरेनस यांनी दंडगोलाच्या छेदांवर लिहिलं होतं. इल्म असाच हातोहात जातो. दुसरी गोष्ट, मिरजेच्या शिकलगारांनी साबितचं नाव ऐकलं असेल असं मानायला काहीच आधार नाही. ते तिथवर दुसऱ्या वाटेनं पोचले.

ती वाट मी तात्यांच्या शेजारी बसून पाहिली. कारागीर वयस्क होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आधी तंबोरा आडवा घेऊन नुसता पाहिला. दुकानातल्या त्या ओरखड्यावर बोट फिरवलं, पण दुकानाबद्दल एक शब्द काढला नाही. मग वाकडं भोक मोठं करून त्यात लाकडाचा खुंटा सरसात बसवून बुजवलं. "बुवा, आज काही होत नाही. वाळू द्या. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घोडीपासून वरपर्यंत, जिथून तार जाणार, तसा एक दोरा ताणून धरला. दोऱ्यावरून खुंटीची जागा ठरवली. मग एक सरळ पट्टी दांडीच्या कडेला आडवी धरली, तिच्यावर डोळा लावला, आणि गिरमिटाचं टोक पट्टीला समांतर आणून लाकडावर टेकवलं. पहिला टोचा इतका बारीक की दिसेना. पुन्हा पट्टी, पुन्हा डोळा. मग थोडं मोठं. मग निमुळतं करणारं हत्यार, दोन फेरे आणि खुंटी घालून पाहणं, दोन फेरे आणि पाहणं. खुंटीला खडू लावून फिरवायची, बाहेर काढायची, जिथं खडू पुसला गेला तिथं ती घासते आहे हे कळतं, तेवढंच खरवडायचं. खडू घट्ट करायला लागतो एवढंच मला माहीत होतं. तो मापायलाही लागतो हे तेव्हा कळलं.

तात्यांनी विचारलं, "चाचा, भिंत तर गोल. सरळ कुठलं ते कसं कळतं?" ते म्हणाले, "बुवा, भोक भिंतीला विचारून पाडायचं नाही. तारेला विचारायचं."

मला ते वाक्य तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटलं. आता माझ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर ती हवेत उभी केलेली पारदर्शक पाटी पाहिली तेव्हा त्याचा अर्थ लागला. गोल पृष्ठभागाला स्वतःची अशी एक दिशा नसते, प्रत्येक बिंदूपाशी त्याचा 'सरळ' वेगळा. म्हणून दिशा बाहेरून आणावी लागते. कॅडमध्ये ती पाटीतून येते. चाचांकडे ती दोऱ्यातून आणि पट्टीतून आली. त्यांची ती पट्टी म्हणजे संदर्भ-प्रतलच होतं. सॉफ्टवेअरनं गोलाईला विचारून काटकोनात भोक पाडलं, आणि शहरातल्या त्या ड्रिलवाल्यानंही तेच करायला घेतलं होतं.

तेव्हा 'अंदाजानंच' हा शब्द मी माझ्या विद्यार्थ्याला मागे घ्यायला लावला. चाचा शाळा फार शिकलेले नसावेत. पण त्यांच्या कामात अंदाज सगळ्यात कमी होता. आपण लिहिलेल्या भूमितीला इल्म म्हणतो आणि हातातल्या भूमितीला मजुरी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही दख्खनचे मुसलमान येतात ते सुलतान, सरदार आणि सुफी म्हणून. शिकलगार, मोमीन, मणियार, अत्तार, बागवान ही नावं वर्गात हजेरीपटावर रोज वाचतो, धड्यात एकदाही नाही.

मिरजेच्या बाबतीत उपेक्षा आणखी विचित्र आहे, कारण या गावाच्या गाण्याबद्दल भरभरून लिहिलं गेलं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेला शिकवत, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये ते मुंबईला आणलं. दरबारातलं गाणं वर्गात आलं. वर्ग म्हटला की मुलं, मुलं म्हटली की तंबोरे. उस्ताद अब्दुल करीम खाँ कैरान्याहून निघून अखेर मिरजेत स्थायिक झाले. वाद्यं स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता, म्हणजे सतारमेकरांशी त्यांची गट्टी जमली नसेल तरच नवल. 1937 मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर एका छोट्या स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि त्यांच्या स्मृतीत तिथं दरवर्षी गाण्याची मैफल होते. त्या मैफलीत कोण कोण गाऊन गेलं याची यादी तुम्हाला सहज मिळेल. ज्या तंबोऱ्यांवर ते गायले ते कुणी केले, याची नाही.

आपल्यातले काही वाचक इथं कपाळाला आठ्या घालतील, की मौसिकीची एवढी तारीफ कशाला. त्या वादात मी पडत नाही, आलिम लोक आहेत त्यासाठी. मी फक्त एवढं पाहिलं की दुपारी अजान झाली तेव्हा चाचांनी गिरमिट खाली ठेवलं, हात धुतले, मशिदीत जाऊन आले आणि पुन्हा तंबोरा मांडीवर घेतला. तोवर तात्या उंबऱ्यावर बसून होते.

आता दुसरी बाजू. या कामाचं मी कितीही कौतुक केलं तरी त्याचं एक मोठं दुखणं आहे. ड्रॉइंग नाही. माप कारागिराच्या हातात, आणि हात कारागिराबरोबर जातो. शिवाय मर्दानी तंबोरा मोठा, जनानी लहान, प्रत्येकाचं गणित वेगळं. चाचांचा मुलगा त्या वेळी शेजारी बसून शिकत होता, पण त्या गल्लीतल्या किती पोरांनी नंतर रिक्षा घेतली किंवा आखाताची वाट धरली, हे तिथं कुणालाही विचारा. मधल्या काळात विजेवर चालणारा तंबोरा आला, मग तो मोबाईलच्या ॲपमध्ये गेला. रियाजाला आता भोपळा लागत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोन्हींना वेगळं. चांगलं झालं, निदान नाव सुरक्षित राहिलं. पण मानांकनाच्या कागदात खुंटीचं भोक कसं पाडायचं ते उतरत नाही.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं, तूच का नाही उतरवत? तात्या आता नाहीत. चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांची घरं. तंबोरा तात्यांच्या मुलाकडे आहे. तो म्हणाला, या, खुशाल मोजा.

पोरगं दोन रविवार जाऊन बसलं. व्हर्निअर, मोजपट्टी, मोबाईलचा कॅमेरा. दांडी त्यानं झटपट काढली, अर्धगोलाचा अक्ष धरला, त्याच्या आधारानं पाट्या उभ्या केल्या आणि खुंट्यांची चारही भोकं बसवली. चाचांनी बुजवून पुन्हा पाडलेलं भोक कुठलं हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मॉडेलमध्ये ते त्याच्या जोडीदाराला आरशातल्यासारखं जुळत नाही, थोडं वर आहे, हे त्यालाच दिसलं. त्याला वाटलं मोजण्यात चूक झाली. चूक नव्हती. चाचांनी जुन्या चिरेपासून अंतर ठेवून नवी जागा घेतली होती आणि त्या मानानं कोन बदलला होता. तार वर जाऊन बरोबर आपल्या जागी पडते.

मग त्यानं भोपळा घेतला आणि अडला. सतार-तंबोऱ्याचे भोपळे मंगळवेढा, पंढरपूर भागात पिकतात. कडू, खायच्या कामाचे नाहीत, खास या धंद्यासाठीच. ते वाळवायचे, मग भिजवून आतला गाभा, बिया काढायच्या. आणि मग वाद्यातलं सगळ्यात मोठं भोक पाडायचं, म्हणजे ज्यावर तबली बसते ते तोंड. तेही भोपळ्याच्या मध्यावर नाही, एका बाजूला आणि दांडीच्या रेषेला जुळेल अशा कलानं. दोन भोपळे एकसारखे नसतात. एक बाजू फुगलेली, एक दबलेली, देठ भलतीकडे. पाइपला निदान अक्ष असतो. भोपळ्याला कसलाही नाही. आणि कापण्यात चूक झाली तर बुजवायला खुंटा चालत नाही, अख्खा भोपळा जातो.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. सलाम-दुआ नाही, काही नाही. "सर, मिहवर कुठे धरू?"

मी म्हटलं, तारेला विचार. तो म्हणाला, "ते ठीक आहे सर, पण सॉफ्टवेअरमध्ये तार अजून काढलीच नाहीये."

मग आम्ही ठरवलं की आधी तार काढायची, घोडीपासून वरपर्यंत, आणि भोपळा नंतर तिच्याखाली आणायचा. दिवाळीच्या सुट्टीत दोघं मिरजेला जाणार आहोत. चाचा आहेत की नाही माहीत नाही, त्यांच्या मुलाला शोधू. महालक्ष्मीची तिकिटं मिळाली आहेत, व्हर्निअर तो आणणार आहे, खडू मी.